फुकटचे कौल

आमचे आजोबा घर 'पाडले' असे कधी म्हणत नसत. घर 'उतरवले' असे म्हणत. पडते ते वादळाने किंवा वाळवीने. माणसाच्या हाताने जे खाली येते ते उतरते, आणि उतरलेली वस्तू पुन्हा कुठेतरी चढते, असा त्यांचा साधा हिशेब होता. काही वर्षांपूर्वी वसईतील आमच्या वाडीतले, त्यांनीच बांधलेले घर उतरवण्याची वेळ आमच्यावर आली तेव्हा हा शब्द आम्हांला आठवला. पण त्याचा अर्थ उमगण्यासाठी एक पावसाळा जावा लागला आणि एका बाईचे एक वाक्य ऐकावे लागले. ती हकीगत वाचकांपुढे ठेवीत आहोत. तीत आमची शोभा फारशी नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

घर तसे मोठे नव्हते. काळ्या दगडाचे जोते, चुन्यात रचलेल्या विटांच्या भिंती, सागाचे खांब आणि तुळया, ओटीवर लाकडी गजांच्या दोन खिडक्या आणि वर मंगलोरी कौलांचे छप्पर. मागच्या पडवीवरही कौलेच होती. पण ती पुष्कळ वर्षांनी, पडवी वाढवली तेव्हा, वडिलांनी आणलेली. या शेवटच्या तपशिलाकडे त्या वेळी आमचे लक्ष गेले नाही. तिघा भावांच्या संसारांना घर पुरेना, भिंतींना ओल चढू लागली, दर उन्हाळ्यात कौले परतायला माणूस मिळेना. शेवटी तिघांचे एकमत होऊन नवे घर बांधायचे ठरले. एकमत व्हायला सात वर्षे लागली, ही गोष्ट निराळी.

पाडकामाचा ठेका घेणारे एक गृहस्थ आले. त्यांनी घराभोवती एक फेरी मारली, दोन खांबांवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिले आणि एक ठोक रक्कम सांगितली. यंत्र लावले तर दिवसभराचे काम. हाताने उतरवायचे तर बारा-पंधरा दिवस. त्यांना हवा होता तो साग. बाकीचे सारे त्यांच्या लेखी मातीमोल होते.

जुने घर हाताने उतरवता येते याचे कारण त्याच्या रचनेतच असते. चुना हा विटेपेक्षा मऊ. त्यामुळे चुन्यातली भिंत सोडवताना सांधा सुटतो आणि वीट शाबूत राहते. सिमेंटचे याच्या उलट आहे. ते विटेला असे धरून बसते की सांधा सुटण्यापूर्वी वीटच फुटते. आमच्या तुळयाही खाच पाडून, त्यात दुसऱ्या लाकडाची जीभ बसवून, लाकडी खुंटीने आवळलेल्या होत्या. खुंटी ठोकून बाहेर काढली की जोड मोकळा होई. ज्यांनी ते घर बांधले त्यांनी ते कधीतरी सोडवले जाईल हेही जणू गृहीत धरले होते. आजचे काँक्रीटचे घर जेव्हा जाईल तेव्हा त्यातले लोखंड वजनावर विकले जाईल आणि बाकीचा उरेल तो राडारोडा. फार तर तो भरडून भरावाला वापरतील. नव्या घराच्या नकाशावर सही करताना हा विचार आमच्या मनाला चाटून गेला. सही मात्र आम्ही केली.

हाताने उतरवण्याचा मार्ग आम्ही पत्करला. साग विकला आणि त्याची रक्कम तिघांत वाटून घेतली. विटा साफ करून नव्या घराच्या कुंपणाला लावल्या. राहिली कौले, दोन खिडक्या आणि मागचे दार. तेव्हा आमच्या मनात दानाची कल्पना आली.

आमच्या वाडीत वीसएक वर्षे कामाला येणारी एक बाई कामणच्या पलीकडच्या एका पाड्यावर राहते. केळीची लागवड असो की पानवेलीचे बांधणे असो, तिच्या हाताशिवाय आमचे पान हलत नसे. तिचा मुलगा गवंड्याच्या हाताखाली काम करून चार पैसे जोडीत होता आणि कुडाच्या घराच्या जागी विटांचे घर उभे करीत होता. आम्ही कौले, खिडक्या आणि दार एका टेंपोत भरून तिच्याकडे पाठवले. टेंपोचे भाडेही आम्हीच दिले. तिने हात जोडले. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही ही गोष्ट दोघा-चौघांच्या कानांवर घातली, आणि त्यांनी आमचे कौतुक केले, ते आम्ही ऐकून घेतले. हे लिहिताना आज संकोच वाटतो. पण घडले ते असे.

जूनचा पाऊस लागला. आठ-दहा दिवस बाई कामावर आली नाही म्हणून आम्ही चौकशीस गेलो. लांबूनच घर दिसले: नव्या विटांच्या भिंती, त्यांवर आमची कौले, आणि कौलांवर निळी ताडपत्री, चारी बाजूंनी दगड बांधून ताणलेली. आत जमिनीवर तीन ठिकाणी पातेली मांडली होती. बाईचा नातू तापाने निजला होता. तिने आम्हांला कोरड्या जागी बसवले, बिनदुधाचा चहा दिला आणि छपराविषयी एक अक्षरही काढले नाही. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, "पाऊसच लई हाय औंदा."

पाऊस तितका नव्हता. दोष आमच्या कौलांत होता. मुलाने एक कौल काढून दाखवले तेव्हा सारा उलगडा झाला. मंगलोरी कौल नुसते एकावर एक ठेवलेले नसते. त्याच्या कडेची पन्हळ शेजारच्या कौलाच्या ओठात बसते आणि पाण्याला आत वाट मिळत नाही. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने असा पहिला कारखाना काढला. पुढे किनारपट्टीवर असे कारखाने पुष्कळ झाले आणि प्रत्येकाने आपापला साचा केला. दिसायला सारी कौले सारखी. पण एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात नेमके बसेलच असे नाही. सुताभराचा फरक पडला तरी फट राहते. आमच्या मोठ्या छपरावरची कौले आजोबांच्या वेळची, एका छापाची. पडवीवरची वडिलांच्या वेळची, दुसऱ्या छापाची. उतरवताना दोन्ही एकाच ढिगात पडली आणि एकाच टेंपोत चढली. एक चौरस मीटर छपराला सुमारे १५ कौले लागतात. त्या हिशेबाने आमच्या ढिगातली एका छापाची कौले निवडून काढली असती तरी तिचे छप्पर पुरे झाले नसते. शिवाय कित्येकांना बारीक चिरा गेलेल्या होत्या. मागच्या दाराचे म्हणाल तर चौकटीचा खालचा भाग वाळवीने पोखरलेला होता. ते आम्हांला ठाऊक होते. 'गरिबाला काय, तेवढेच आडोशाला होईल,' असे आम्ही मनाशी म्हटले होते.

परतताना आमच्या पत्नीने एवढेच विचारले, "हे दार आपण आपल्या नव्या घराला लावले असते का?" आम्ही उत्तर दिले नाही.

पुढची गोष्ट श्रावणातली. नव्या घरासाठी जुन्या सागाचे एक दार हवे म्हणून आम्ही जोगेश्वरीच्या पश्चिमेस ओशिवऱ्याच्या बाजारात गेलो. जुने फर्निचर, जुनी दारे आणि चौकटी यांची दुकाने तिथे ओळीने आहेत. मुंबईच्या परिसरात उतरलेल्या घरांचे अवशेष तिथे भिंतीला टेकून उभे असतात. जुन्या लाकडाला गिऱ्हाईक आहे ते उगीच नव्हे. पन्नास-साठ वर्षे वाळलेला साग आता वाकत नाही, फुगत नाही. नव्या, ओल्या लाकडाची तशी खात्री देता येत नाही. आम्ही पहिले दार नाकारले, कारण ठोकल्यावर एका कोपऱ्यात पोकळ आवाज आला. दुसरे नाकारले, कारण त्यात तुटके खिळे राहिले होते आणि रंधा मारताना सुताराची पाती गेली असती. तिसऱ्याच्या बिजागऱ्या नव्हत्या. दुकानदार कंटाळला नाही. उलट आम्ही पारखून घेतो आहोत हे पाहून त्याचा आमच्याविषयीचा आदर वाढल्यासारखा दिसला. चौथे दार आम्ही घासाघीस करून घेतले. त्या दाराच्या वरच्या फळीवर एक फिकट खूण होती. पुष्कळ वर्षे तिथे एक लहानसा क्रूस ठोकलेला असावा आणि तेवढीच जागा धुरापासून वाचलेली असावी. कोणा तरी आपल्याच माणसाच्या घराचे ते दार होते.

रेल्वेत बसल्यावर आम्हांला त्या बाईची आठवण झाली. आम्ही आज तीन वेळा 'नाही' म्हणालो होतो. तिला एकदाही म्हणता आले नव्हते.

पाऊस ओसरल्यावर ती कामावर आली तेव्हा आम्ही धीर करून विचारले, "अगं, कौलांना चिरा आहेत हे तुम्हांला टेंपोतून उतरवतानाच दिसले असेल. मग परत का नाही केलीत?" तिने हातातला कोयता खाली ठेवला. "फुकटची कौलं होती, दादा," ती म्हणाली, "फुकटच्या कौलाला कुणी टिचकी मारून बघतं का?"

कौल चांगले की चिरलेले हे टिचकीने कळते. चांगले खणखणीत वाजते, चिरलेले बद्द बोलते. हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. विकत घेतली असती तर तिने आणि तिच्या मुलाने एकेक कौल वाजवून, छाप पाहून घेतले असते आणि ठीक नसलेली आमच्यासमोर बाजूला ठेवली असती. आम्ही पैसे घेतले नाहीत आणि त्याबरोबर तिचा पारख करण्याचा अधिकारही काढून घेतला. वर कृतज्ञतेचे ओझे दिले. त्या ओझ्याखाली तिने पावसाळाभर ताडपत्री ताणली आणि दोष पावसावर घातला.

वस्तू एका वास्तूतून दुसऱ्या वास्तूत जाते याचे वसईकरांना नवल वाटू नये. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्यांतल्या घंटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घंटा आजही आहेत. जुन्या गोव्यातले ऑगस्टीनियनांचे चर्च ओस पडल्यावर त्याची घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली पणजीच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढली. धातूला त्याचे काही नसते; तो कुठेही तितक्याच गोडव्याने वाजतो. पण एखादी वस्तू जिंकून नेली, वारशाने आली, दान मिळाली की विकत घेतली, याने ती वापरणाऱ्या माणसाची मान कशी राहते हे ठरते. आम्ही आजवर समजत होतो की यांत दान सर्वांत वरचे.

कॅनडात स्थायिक झालेल्या आमच्या भाचीला आम्ही हे सारे फोनवर सांगितले, तेव्हा तिने तिकडची एक पद्धत सांगितली. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था १९७६ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने स्थापन केली. ज्यांना पक्के घर परवडत नाही त्यांच्याबरोबर राबून त्यांची घरे बांधणे हे तिचे काम. आपल्याकडेही २००६ साली लोणावळ्याजवळ अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर या संस्थेच्या स्वयंसेवकांबरोबर घरे बांधायला आले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. याच संस्थेचे पहिले जुन्या बांधकाम-सामानाचे दुकान १९९१ साली कॅनडातील विनिपेग शहरात निघाले. घर दुरुस्त करणारे लोक आपली दारे, खिडक्या, कपाटे, बेसिने, उरलेल्या फरश्या तिथे देऊन टाकतात. दुकान त्या तपासते, त्यांवर किंमत लावते आणि बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्त विकते. येणारे पैसे घरे बांधायला जातात. आमच्या भाचीने आपल्या स्वयंपाकघराची कपाटे तिथूनच घेतली. "मामा, तिथे मी दोन कपाटे नाकारली, कुणाला वाईट वाटले नाही," ती म्हणाली. देणाऱ्याने द्यावे फुकट आणि घेणाऱ्याने घ्यावे किंमत मोजून, ही गोष्ट आम्हांला मोठी शहाणपणाची वाटली. मध्ये एक गल्ला आहे आणि तो गल्ला दोघांचीही लाज राखतो.

पुढच्याच वर्षी आमच्या चुलत बंधूंचे घर उतरवायचे ठरले. या खेपेस आम्ही तिथे पंधरा दिवस उभे राहिलो. कौले छापाप्रमाणे निराळी रचली; प्रत्येक कौल वाजवून चिरलेली बाजूला काढली आणि वाडीतल्या वाटेवर भरावाला टाकली. दार चौकटीसह काढले, बिजागऱ्या, कडी आणि कोयंडा त्याच दाराला बांधून ठेवला, मापे खडूने लिहिली. लाकडातला प्रत्येक खिळा उपटला. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले. त्याआधीच्या रंगांची हमी कोणी द्यावी? म्हणून असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात करू नका, हे प्रत्येक घेणाऱ्याला सांगितले. गोठ्यावरचे ॲसबेस्टॉसचे पत्रे मात्र कोणालाही दिले नाहीत, कारण ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते. आपल्या घरात जे पुन्हा लावायला आपण धजणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये, एवढा एकच नियम आम्ही ठेवला होता. तो आमच्या पत्नीच्या त्या एका प्रश्नातून आलेला होता.

मग आंब्याखाली सामान मांडले आणि प्रत्येक वस्तूवर खडूने किंमत लिहिली. बंधूंना आधी हे पटले नाही. "लोक म्हणतील, खाऊन-पिऊन सुखी असलेली माणसे जुन्या कौलांचे पैसे घेतात!" ते म्हणाले. तसे काही जण म्हणालेही. पण तीन रविवार माणसे येत राहिली: नालासोपाऱ्याहून एक शिक्षक, विरारच्या बाजूचे एक गवंडी, शेजारच्याच आळीतली एक विधवा भगिनी, जिला एरवी कोणाकडे काही मागायला जीव गेला तरी चालला असता. शिक्षकांनी दोन खिडक्या नाकारल्या आणि तिसरी घेतली. त्या दोन खिडक्यांकडे पाहून बंधूंचा चेहरा उतरला. आम्हांला मात्र बरे वाटले.

तिसऱ्या रविवारी बाई मुलाला घेऊन आली. आम्ही आधीच मनात ठरवले होते की तिच्या छपराची कौले तिला द्यायचीच. आमच्या चुकीची भरपाई म्हणून आम्ही ती देणे लागत होतो. तसे आम्ही तिला सांगितलेही. तिने क्षणभर विचार केला. "त्या कौलांच्या बदली ही कौलं, एवढं बरोबर हाय," ती म्हणाली, "पर खिडकी मी इकत घेणार." तिच्या मुलाने उकिडवे बसून एकेक कौल उचलले, उलटे करून छाप पाहिला आणि टिचकी मारली. आम्ही निवडून रचलेल्या त्या ढिगातूनही त्याने अकरा कौले बाजूला ठेवली. आम्ही काही बोललो नाही. खिडकीवर तीनशे रुपये लिहिले होते. बाई दोनशेवर अडून बसली. आम्ही पावणेतीनशे म्हणालो, ती सव्वादोनशे म्हणाली, आणि शेवटी अडीचशेवर सौदा तुटला. पदराच्या गाठीतून काढलेल्या नोटा तिने आमच्या हातावर मोजून ठेवल्या. वीस वर्षांत तिने आम्हांला प्रथमच पैसे दिले होते.

ते अडीचशे रुपये बाकीच्या रकमेबरोबर तिच्याच पाड्यावरच्या दुसऱ्या एका घराच्या आढ्याला लागले. पुढच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा तिकडे गेलो तेव्हा ताडपत्री नव्हती. खिडकीला निळा रंग दिला होता. बाई दारातच भेटली. आम्ही वर पाहत होतो हे तिने ओळखले असावे. ती म्हणाली, "ती खिडकी थोडी अडकते, दादा. अडीचशेला महागच दिलीत."